देणाऱ्याचा विडा

आमच्या गावात एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. गावकीच्या कामाला ज्याने काही दिलं, देवळाला लाकूड म्हणा, विहिरीला दगड म्हणा, त्याला त्या कामाच्या बैठकीत पहिला विडा मिळायचा. आता यात काय नवल, मान सगळीकडेच देतात, असं तुम्ही म्हणाल. अहो, पण थांबा! तो विडा तोंडात धरून त्याने बसायचं, आणि बैठक उठेपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही. दिलंस, उपकार झाले, तुझा मानही झाला. आता त्या वस्तूचं काय करायचं ते बाकीचे बघतील.

आमचा भाग पानवेलींचा. घरोघर वाडी, वाडीत पानमळा. त्यामुळे विडा लावण्यात कंजुषी नाही. दोन-तीन पानं, चुना, कात, भरपूर सुपारी, वर लवंग. माणसाचा गाल टम्म फुगायचा. मी लहान असताना भाताचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी देवळाला सागवान दिलं, आणि दार आपल्या ओट्यासमोर यावं असं त्यांच्या मनात होतं. बैठकीत त्यांना विडा दिला. गावाने दार ठरवलं नेमकं उलट्या बाजूला. कुंपणाआडून आम्ही बायकापोरी बघत होतो. गृहस्थांच्या कपाळाची शीर उडत होती, डोळे बाहेर आले होते, पण बोलतील कसे? आणि विडा थुंकायची सोय नव्हती. गावचा विडा थुंकणं म्हणजे दिलेलं परत नेणं. गिळला बिचाऱ्यांनी सगळा राग, सुपारीसकट.

हे सगळं तुम्हाला आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते या रीतीवाचून कळायचं नाही.

गाव आमचं बोईसर स्टेशन आणि समुद्र यांच्या मधलं. साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरच्या बाजूला अणुशक्तीवर वीज करणारा कारखाना उभा राहत होता, अमेरिकेच्या पैशाने आणि अमेरिकेच्या यंत्रांनी. आमच्या घरी तेव्हा कंदील. आणि इथून हाकेच्या अंतरावर म्हणे एवढी वीज होणार की मुंबई उजळेल! बोईसरच्या रस्त्यावरून लांबच लांब लॉऱ्या जायच्या, घराएवढाली लाकडी खोकी लादून. लॉरी येते म्हटल्यावर नांगर सोडून माणसं बांधावर येऊन उभी राहायची. मी शिक्षिका होते, पालघरला मॅट्रिक झालेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. पण मीसुद्धा शाळा सोडून रस्त्यावर येऊन आ वासून बघत राहायची. खोटं कशाला सांगू?

त्या खोक्यांवर एक चित्र असायचं, एकमेकांत मिळवलेल्या दोन हातांचं. तेच चित्र शाळेत येणाऱ्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर. गहू त्यांचा, पावडर त्यांची, रेशनच्या दुकानातला तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, तोही त्यांचाच. मिलोची भाकरी थापताना फाटायची आणि आई तव्यासमोर बसून त्या देशाचा उद्धार करायची. पण खायचो तीच. न खाऊन सांगतो कुणाला?

शाळा गावाच्या उगवतीला, ओहोळाच्या पलीकडे, डोंगराकडच्या पाड्यांना लागून. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. गावातली मुलं ओहोळावरच्या लाकडी साकवावरून यायची, पाड्यांवरची उतारावरून. पाड्यावरची एक मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या पाड्यावरून इतकी शिकलेली मुलगी तोवर कुणी झाली नव्हती. काळीसावळी, काटकुळी, आणि प्रश्न विचारण्यात अशी चिवट की मी कधीकधी वैतागायची. तिची आई मोळ्या विकायची. त्या आईचा थोरला मुलगा एका पावसाळ्यात ओहोळाच्या लोंढ्यात गेला होता. तेव्हापासून ती बाई स्वतः मोळी घेऊन ओहोळ ओलांडायची, पण मुलीला पाण्यात पाय घालू द्यायची नाही, साकवावरूनही पलीकडे जाऊ द्यायची नाही. शाळा ओहोळाच्या पाड्याकडच्या काठाला होती म्हणून ही पोरगी शाळेत होती. बस्स, इतकं साधं.

एकदा मी वर्गात सगळ्या देशांच्या सभेबद्दल शिकवत होते. लांब परदेशात मोठी इमारत आहे, तिथे जगातले देश जमतात, आणि काही ठरवायचं झालं की हात वर करतात. प्रत्येक देशाचा एकच हात.

“आपला पन एकच?” तिने विचारलं.

“हो.”

“आनि दूध देतात त्यांचा?”

“त्यांचाही एकच.”

तिने दुधाच्या डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. मला तोवर ते वाक्य पुस्तकातलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर काटा आला. बोटी भरभरून गहू पाठवणारा देश आणि तो गहू रांगेत उभं राहून घेणारा देश, दोघांचा एकेकच हात! केवढी मोठी गोष्ट कुणाच्या तरी डोक्यात आली होती, आणि ती मी रोज घोकून घेत होते, पालथ्या घड्यासारखी.

पुढे एक अमेरिकन साहेब शाळेत आला. कारखान्यावरचा इंजिनिअर, उंच, वयस्क, उन्हाने शेंदरासारखा झालेला. त्याने छप्पर बघितलं, भिंतीतून दिसणारं आभाळ बघितलं, आणि माझ्याशी हळू हळू इंग्रजीत बोलला, मला समजेल असं. सिमेंट देतो, पत्रे देतो, पक्की शाळा बांधा. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. चार दिवसांनी त्याच्या कचेरीतून निरोप आला. देऊ, पण शाळा कारखान्याच्या रस्त्यावर बांधा. त्यांच्या देशातून बडे पाहुणे यायचे, त्यांना गाडीतून दिसली पाहिजे, पाटीसकट. म्हणजे पाड्यांपासून ओहोळाच्या पार पलीकडे, गावाच्याही पश्चिमेला.

मोळी घेऊन आलेल्या त्या आईला मी हे सांगितलं. तिने मोळी खाली टाकली.

“नाय धाडनार बाई. एक दिला पान्याला. आता नाय देनार.”

मुलगी शेजारी उभी होती. तिने मोळीतून निसटलेली लाकडं गोळा करायला घेतली.

माझे बाबा गावकीचे पुढारी. घरी येऊन मी सगळा राग त्यांच्यावर काढला. बाबा पानं खुडत बसले होते. म्हणाले, “फुकट पत्रे मिलतात पोरी. गावातली पोरं भिजतात ती काय परक्याची?”

“आणि पाड्यावरची?”

“त्यांचा मानूस गावकीत नाय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “म्हणून त्यांना ओहोळात ढकलायचं का?” मी अशी ओरडले की शेजारची काकू ओट्यावर आली.  बाबा पानं खुडत राहिले. माझे बाबा गप्प बसले की त्यांच्या मनात काय चाललंय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

रेडिओवर तेव्हा रोज गव्हाच्या बोटींची बातमी. बाबांकडे बॅटरीचा रेडिओ होता, अर्धं गाव ओट्यावर जमायचं. लांब कुठे लढाई चालली होती आणि तिच्याबद्दल आपल्या सरकारने अमेरिकेला न रुचणारं काही बोललं होतं. लोक म्हणायचे, म्हणून बोटी रेंगाळल्या. खरंखोटं देव जाणे. पण रेशनच्या रांगेत सगळ्यांना वाटायचं की आपण तिकडे तोंड उघडलं की इकडे पिशवी हलकी होते. तरीही आपल्या देशाने तोंड उघडलं होतं! पोटात त्यांचा गहू आणि हात मात्र आपल्या मनाने वर. मला भीती वाटायची आणि छाती अभिमानाने फुगायची, दोन्ही एकदम.

शाळेच्या कामाची बैठक देवळाच्या ओट्यावर बसली. बायका बैठकीत नसत. मी होते ती दुभाषी म्हणून. साहेबाचं गावाला सांगायचं, गावाचं साहेबाला. माझं स्वतःचं काही नाही! ज्या पोरीसाठी मी घरात भांडले तिच्याबद्दल एक शब्द काढायची मला मुभा नव्हती. हाताच्या मुठी वळून बसले होते. पाड्यावरची ती आई आणि मुलगी चिंचेखाली उभी होती, लांब.

साहेबाबरोबर तालुक्याचे एक अधिकारी आले होते, घाटावरचे, इस्त्रीचे कपडे, नुसती घाई. गावातल्या एकदोघांनी चहा-बिस्किटांची तयारी ठेवली होती. पाहुण्याला कसला विडा, असं त्यांचं म्हणणं. मी बाबांकडे बघत होते. चहा आला असता तर संपलं होतं. साहेब बोलला असता, अधिकारी बोलले असते, आणि पत्र्यांपुढे गाव मान हलवून मोकळा झाला असता.

बाबांनी पानाचं तबक पुढे ओढलं.

शांतपणे पानं पुसली. चुना लावला. सुपारी घातली, हात आखडता न घेता. लवंग टोचली. उठून दोन्ही हातांनी साहेबापुढे विडा धरला. अगं बाई! माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. ज्याच्या देशाचा मिलो आमच्या टोपल्यात होता, त्या देशाच्या माणसाला माझे बाबा गावच्या रीतीने गप्प बसवत होते, आणि तेही वाकून, मान देऊन.

“घ्या, घ्या, मान आहे!” अधिकारी म्हणाले. साहेबाने हसून विडा तोंडात घातला. गाल फुगला, डोळ्यांत पाणी आलं. रीत काय आहे हे त्याला कुणीच सांगितलं नाही. फसवायचं म्हणून नव्हे हो! ही रीत ठाऊक नसलेला माणूस जगात असेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग गाव बोललं. कुणी रस्त्याच्या बाजूने, कुणी ओहोळाच्या. बराच वेळ वाद झाला. शेवटी बाबा म्हणाले, “आपली पोरं साकवावरून जातात, त्यांना सवय हाय. पाड्यावरची येनार नाय. शाला हाय तितंच बांधावी.” म्हातारे एकमेकांकडे बघून हं म्हणाले. ठरलं.

मी ते इंग्रजीत सांगितलं. 

अधिकारी ताडकन उठले. “देणाऱ्याला विचारलंत? कचेरीची अट रस्त्याची आहे! साहेब, तुम्ही बोला.”

साहेबाने बोट वर केलं आणि थुंकायला जागा शोधू लागला. सगळी बैठक दगडासारखी झाली. एका म्हाताऱ्याने तर डोळे मिटून घेतले. बाबा मला म्हणाले, “सांग त्याला रीत.”

सांगितली. जो देतो तो विडा घेतो. विडा तोंडात आहे तोवर बोलत नाही. थुंकला तर दिलेलं परत नेलं असा अर्थ. एवढं इंग्रजी मी आयुष्यात आधी कधी बोलले नव्हते. साहेब गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिला. मग बैठकीकडे. मग चिंचेखालच्या त्या दोघींकडे. त्या कोण हे त्याला माहीत होतं, शाळेत त्याने विचारलं होतं. वर केलेलं बोट त्याने खाली घेतलं, मांडी घातली, आणि पुन्हा चघळू लागला.

अधिकाऱ्यांचा तोल गेला. “ही काय पद्धत झाली? गहू कुणाचा खाता? अहो, तिकडे जगाच्या सभेत आपले लोक हात वर करण्याआधी विचार करतात, बोटी कुणाच्या येतात ते बघून. ज्याचं घ्यावं त्याचं ऐकावं लागतं. सगळं जग असंच चालतं!”

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, माझे बाबा टोमणे मारणारे नव्हतेच. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं होतं.

“मंग तितं विडा नाय देत?”

“काय?”

“एवढे देश जमतात. कोनीच विडा लावत नाय?”

अधिकारी तरातरा जीपकडे गेले. बैठक उठल्यावर साहेबाने कुंपणाशी जाऊन चोथा टाकला, तोंड धुतलं, आणि लालभडक ओठांनी मला म्हणाला, “आमच्याकडे उलट आहे. देणारा बोलतो, आणि बाकीचे चघळतात.” मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “मंग त्यांना चावायला लई लागत असेल.”

कचेरीने अट सोडली नाही, पत्रे आले नाहीत. रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गावाने कचेरीची अट मान्य केली, तिथे पक्की शाळा झाली, पाटी लागली. येता-जाता ती दिसायची. त्या पावसाळ्यात आमच्या शाळेत इतकं गळलं की मुलं पाट्या डोक्यावर धरून बसायची. गावातली माणसं बाबांना टोचून बोलायची, “पुढारी, विडा महाग पडला!” आणि मी? मी त्या लोकांशी कचाकचा भांडायची, आणि वर्गात आले की गळक्या छपराकडे बघून मलाच वाटायचं, आपण केलं ते बरोबर ना? एका पोरीसाठी सगळ्यांना भिजवलं आपण. ती पोरगी मात्र एक दिवस चुकली नाही. उतारावरून इरलं घेऊन यायची आणि सगळ्यांत कोरडी जागा धाकट्यांना द्यायची.

पाऊस सरल्यावर एका रविवारी शाळेसमोर लॉरी उभी राहिली. साहेब पुढच्या बाकावरून उतरला. मागे फळ्याच फळ्या, यंत्रांच्या खोक्यांच्या, आणि खोक्यांच्या आतून काढलेला डांबरी कागद, गुंडाळ्या करून. सामान काढल्यावर हे कारखान्यावर पडून राहतं, त्याने वरिष्ठांना विचारून आणलं होतं. सगळा गाव गोळा झाला. बाबाही आले.  साहेब सरळ बाबांसमोर जमिनीवर बसला, उजवा तळहात पुढे केला, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या गालावर ठेवलं.

आधी कुणाला कळेना. मग कळलं आणि असा हशा झाला की कावळे उडाले. बाबा हसत नव्हते. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि तिथेच पानं पुसायला घेतली. मी पदर तोंडाला लावून रडले. विडा मागून घेणारा देणारा आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिला होता.

आणि मग काय गंमत सांगू! गावाचे सुतार, गावाचा हातोडा, गावाचीच अक्कल. अर्ध्या फळ्या उलट्या ठोकल्या. पन्हळ नको तिकडे काढली. साहेब इंजिनिअर ना! तळमळत होता नुसता. उठायचा, बोट दाखवायचा, गालातला विडा आठवला की परत बसायचा. त्या म्हाताऱ्या भातवाल्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना ठाऊक होतं ते दुःख.

शाळा उभी राहिली, जुन्याच जागी, ओहोळाच्या पाड्याकडच्या काठाला. छपराच्या गवताखाली डांबरी कागद, भिंतीला परदेशी फळ्या. त्यानंतर रेडिओवर त्या जगाच्या सभेची बातमी लागली की बाबा मान पुढे करून ऐकायचे आणि मला विचारायचे, “यात विडा कोनाच्या तोंडात होता?” कधीकधी मला उत्तर देता यायचं. बहुतेक वेळा नाही.

फळ्यांमध्ये एक होती ती दोन मिळवलेल्या हातांच्या चित्राची. तीही सुतारांनी उलटीच ठोकली होती, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे. शाळा सुरू झाली त्या सकाळी पाड्यावरची ती आई स्वतः मुलीला घेऊन दारापर्यंत आली. आत आली नाही, फळीवरून नुसता हात फिरवला आणि गेली. मुलगी त्या चित्रासमोर मान वाकडी करून उभी राहिली. पुष्कळ वेळ. मग मान दुसऱ्या बाजूला वाकडी केली.

“बाई, यातला देनाऱ्याचा हात कंचा?”

मी वळून बघितलं. दोन्ही हात सारखे. बोटं सारखी, मनगटं सारखी. मीही मान वाकडी केली. कळेना.

“नाही गं सांगता येत,” मी म्हटलं.

तिने चित्रातल्या दोन्ही हातांवरून बोट फिरवलं.

“मंग विडा कोनाला द्यायाचा?”